कटऑफची यादी वाचताना

रत्नागिरी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सीईटीत, म्हणजे अभियांत्रिकीच्या राज्यस्तरीय प्रवेश परीक्षेत, ९८.६ पर्सेंटाइल आहेत, तर पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात प्रवेश मिळेल का, असे तू विचारले आहेस. या प्रश्नाचे हो किंवा नाही असे उत्तर मी देणार नाही. ते तुझे तुलाच काढता येईल आणि त्यासाठी ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या कटऑफ याद्या, म्हणजे कोणत्या शाखेत शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकावर झाला ते सांगणाऱ्या याद्या, पुरेशा आहेत.

आधी बारावीच्या गुणांविषयी. आपला कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. २०२५ साली आपला निकाल ९६.७४ टक्के लागला. त्याचा अभिमान जरूर बाळग, परंतु अभियांत्रिकीच्या राज्यस्तरीय प्रवेशात बारावीचे गुण मुख्यतः पात्रतेपुरते पाहिले जातात आणि गुणवत्ता यादीतला क्रमांक सीईटीवर ठरतो.

आता पर्सेंटाइल. ९८.६ म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी साधारण १.४ टक्के मुले तुझ्या पुढे आहेत, इतकाच त्याचा अर्थ. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाची परीक्षा २०२४ साली सुमारे तीन लाख मुलांनी दिली, तेव्हा या पर्सेंटाइलच्या पुढे चार हजारांच्या आसपास मुले होती. २०२५ साली परीक्षार्थी चार लाखांच्या वर गेले आणि त्याच पर्सेंटाइलच्या पुढची मुले जवळजवळ सहा हजार झाली. कॉलेजातल्या जागा काही त्या प्रमाणात वाढत नाहीत. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून अधिक पुढे सरकते, म्हणून कालच्या वेळेवर आज कोणी होडी लोटत नाही. गेल्या वर्षीच्या पर्सेंटाइलचेही तसेच आहे. यादीच्या प्रत्येक चौकटीत वर गुणवत्ता क्रमांक आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल छापलेले असते. सगळे जण कंसातला आकडा पाहतात. तू वरचा क्रमांक पाहा आणि गुणवत्ता यादी लागली की आपला क्रमांक त्याच्याशी ताडून बघ.

तू इतर मागासवर्गातली आहेस आणि मुलगी आहेस, म्हणून तुला एक नव्हे, चार रकाने वाचायचे आहेत: जीओपन, एलओपन, जीओबीसी आणि एलओबीसी. यातला ‘जी’ सर्वसाधारण जागांचा, ‘एल’ मुलींसाठी राखीव जागांचा; ‘ओपन’ म्हणजे खुला प्रवर्ग आणि ‘ओबीसी’ म्हणजे इतर मागासवर्ग. यादीत या नावांच्या शेवटी लागणारा ‘एस’ राज्यस्तराचा, म्हणजे तिथे आपण रत्नागिरीचे म्हणून मागे पडत नाही. केवळ खुल्या प्रवर्गाचा रकाना पाहून निराश झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत आणि त्याचे मला फार वाईट वाटते. जागावाटप अनेक फेऱ्यांत होते, म्हणून पहिल्या फेरीवर थांबू नकोस, शेवटच्या फेरीपर्यंतच्या याद्या पाहा.

स्पष्टच सांगतो, संगणक शाखेची आशा धरू नकोस; खुल्या प्रवर्गात ती ९९.९ च्या आसपास बंद होते आणि राखीव रकान्यांतही फारशी खाली येत नाही. मेटलर्जी, मॅन्युफॅक्चरिंग आणि सिव्हिल या शाखांचे रकाने मात्र नीट वाच. त्या शाखा तुला मनापासून हव्या आहेत का, हा प्रश्न आकड्यांच्या आधीचा आहे. नसतील, तर लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात हवी ती शाखा घेणे मला अधिक योग्य वाटते.

कॉलेज आणि शाखांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरताना क्रम इच्छेनुसार लाव, शक्यतेनुसार नव्हे. जागा वरून खाली तपासत देतात, त्यामुळे अवघड पर्याय वर ठेवल्याने खालचा हातचा जात नाही. उलट पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला, तर ती जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे कायम, होते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात, म्हणून नको असलेले नाव केवळ खात्रीचे म्हणून पहिले लिहू नकोस.

कागदांविषयी मला काळजी वाटते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या, राखीव जागेसाठी लागणाऱ्या नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपली होती. घरात ते प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले होते, पण तारीख कोणी वाचली नव्हती. स्क्रुटिनीत, म्हणजे कागदपत्रांच्या तपासणीत, तो खुल्या प्रवर्गात गेला आणि हाताशी आलेली जागा गेली. ते प्रमाणपत्र मी आधी मागून पाहायला हवे होते, ही रुखरुख मला आजही आहे. तुझे प्रमाणपत्र आजच काढून तारीख वाच, जातवैधता झाली आहे का ते पाहा, आणि काही राहिले असेल तर उद्याच वडिलांसोबत जा: प्रमाणपत्रासाठी तहसील कार्यालयात, जातवैधतेसाठी जिल्हा जात पडताळणी समितीकडे.

चार रकान्यांतले क्रमांक एका कागदावर उतरवून पसंतीक्रमासह रविवारी घेऊन ये. मी सकाळी घरीच आहे.

तुझा,
सर