पुण्यातून मालवण, गोवा, श्रीलंका: एकच मिड-लेंग्थ सर्फबोर्ड घ्यायचा तर कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वजन ७४ किलो, उंची ५ फूट ९ इंच, राहायला कोथरूडला. ८ फुटी सॉफ्ट-टॉपवर (मऊ पृष्ठभागाच्या शिकाऊ बोर्डवर) न फुटलेली लाट पकडून डावीकडे-उजवीकडे जाता येतं. हिवाळ्यात जमतील तेवढे वीकेंड मालवण-गोवा आणि वर्षातून एकदा श्रीलंका. मिड-लेंग्थ, म्हणजे मधल्या लांबीचा बोर्ड, एकच घ्यायचाय, आणि ६ फूट १० इंची ट्विन (बोर्डखाली मागे दोन फिन, म्हणजे पंख) की ७ फूट ६ इंची सिंगल फिन (एकच पंख) यात अडकला आहात.

आधी उत्तर सांगते, मग कारणं. ७ फूट २ इंचांच्या आसपास, रुंदी साडेएकवीस इंच, जाडी पावणेतीन इंच, व्हॉल्यूम ४६ ते ४८ लिटर. नोजचा (पुढच्या टोकाचा) रॉकर, म्हणजे वरच्या दिशेचा बाक, कमी, टेल (मागचं टोक) गोल, मध्ये मोठ्या फिनचा लांब बॉक्स आणि दोन्ही बाजूंना छोट्या फिन बसवायची सोय, म्हणजे ज्याला टू-प्लस-वन म्हणतात तो. लांबी दोन-तीन इंच इकडेतिकडे झाली तरी चालेल. रॉकर आणि फिन बॉक्स या दोन गोष्टींवर मात्र तडजोड करू नका.

आता यामागचा मूळ विचार. परदेशी सर्फर ज्या पद्धतीने बोर्ड निवडतात ती आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. ज्याच्या दारात समुद्र आहे तो लाट बघून पाण्यात उतरतो. आपण पुण्याहून सुट्टी बघून निघतो. शुक्रवारी रात्री ऑफिस संपवून आंबोली नाहीतर चोर्ला घाट उतरायचा, शनिवारी सकाळी जे असेल ते घ्यायचं आणि रविवारी परत. म्हणून आपला बोर्ड चांगल्या दिवसासाठी निवडायचा नसतो. मधल्या आणि वाईट दिवशी जो तुम्हाला लाटा पकडून देईल तो आपला बोर्ड.

ते मधले-वाईट दिवस कसे असतात ते नीट समजून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्या किनाऱ्यावर मुख्यतः दोन प्रकारचा स्वेल, म्हणजे दूरवर वाऱ्याने उठलेल्या लाटा, येतो. एक दक्षिण महासागरातून हजारो किलोमीटर प्रवास करून आलेला, उंचीला छोटा पण पीरियड (लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ) १२-१४ सेकंदांचा. दुसरा वायव्येकडून, अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेला, ६ ते ८ सेकंदांचा. अ‍ॅपवर दोन्ही दिवशी लाटेची उंची ०.८ मीटर असंच दिसेल, पण लाटेची ताकद उंचीच्या वर्गाच्या आणि पीरियडच्या प्रमाणात असते. म्हणजे तेवढ्याच उंचीला १४ सेकंदांची लाट ७ सेकंदांच्या लाटेच्या दुप्पट ताकदीची. शिवाय लांब पीरियडची लाट उथळ पाण्यात आली की उभी राहते, वर चढते. छोट्या पीरियडची लाट वरच्या वर विस्कटते. तेव्हा उंची बघून थांबू नका, पीरियड आणि दिशा बघा.

वाऱ्याचं तर शाळेतल्या भूगोलात शिकलोय तसंच आहे. पहाटे जमिनीकडून मतलई वारा, दुपारी समुद्राकडून खारा वारा. मतलई वाऱ्यात लाटेचा चेहरा, म्हणजे पुढची उतरती बाजू, साफ राहतो. अकरा-बाराच्या पुढे खारा वारा सुटला की पाणी खडबडीत होतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये हा वारा आणखी जोर धरतो. पहाटे साडेसहाला पाण्यात असाल तर निम्मी लढाई जिंकलात. पण रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस साडेसहाला पाण्यात असतोच असं नाही, म्हणून बोर्डने खडबडीत पाणीही सहन केलं पाहिजे.

त्यात आपले किनारे बहुतेक ठिकाणी उताराला सौम्य. लाट हळूहळू ओतल्यासारखी फुटते, भिंतीसारखी उभी राहत नाही. इथे बोर्डचं गणित येतं. लाट साधारण स्वतःच्या उंचीच्या सव्वापट खोलीच्या पाण्यात फुटते. मीटरभर उंचीची लाट जिथे फुटते तिथे तिचा वेग ताशी १२-१३ किलोमीटर असतो. आपण जिवाच्या आकांताने पॅडल मारलं (बोर्डवर पालथं पडून हातांनी वल्हवलं) तरी ताशी ५-६ च्या पुढे फारसे जात नाही. मधला फरक लाटेचा उतार भरून काढतो. उतार तीव्र असेल तर गुरुत्वाकर्षणच बोर्डला खाली ओढतं, तिथे छोटा बोर्डही चालतो. उतार सौम्य असेल तर बोर्डलाच घसरण असावी लागते, आणि ती येते पाण्याला टेकलेल्या लांबीतून आणि सपाटपणातून. नुसत्या लिटरमधून नाही. ६ फूट १० इंची जाडजूड बोर्ड आणि ७ फूट २ इंची पातळ बोर्ड दोन्ही ४६ लिटरचे असू शकतात, पण तारकर्लीच्या जानेवारीतल्या लाटेवर दुसरा आधी पळायला लागेल.

म्हणून रॉकर. दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी बोर्ड सपाट फरशीवर ठेवा आणि नोज जमिनीपासून किती वर आहे ते टेपने मोजा. सात-सव्वासात फुटी बोर्डला चार-साडेचार इंच असेल तर आपल्या कामाचा. साडेपाचच्या पुढे गेला की तो उभ्या लाटांसाठी बनवलाय, आपल्याकडे पाणी ढकलत बसेल. बाह्याकृतीत रुंदीचा सर्वांत मोठा भाग मध्यावर किंवा किंचित पुढे हवा, म्हणजे छातीखाली आधार मिळतो. अंड्याच्या आकाराचे बोर्ड म्हणतात ते हेच. सॅन डिएगोच्या स्किप फ्राय यांनी हा आकार वर्षानुवर्षं घासून घासून नावारूपाला आणला, आणि आजही मिड-लेंग्थ म्हटलं की अनेक शेपर (बोर्ड घडवणारे) तिथूनच सुरुवात करतात. रेल, म्हणजे बोर्डची बाजूची कड, पुढच्या दोन तृतीयांश भागात गोल-मऊ आणि शेवटी टेलजवळ थोडी धारदार असावी. मऊ रेल चूक पोटात घालते, टेलजवळची धार पाणी सोडायला मदत करते.

हाच सपाट बोर्ड श्रीलंकेत काय करेल? वेलिगामाच्या बीचवर काहीच अडचण नाही, तिथली लाट आपल्यापेक्षा नियमित पण स्वभावाने तशीच आहे. अडचण मिडिगामा-अहंगामाच्या रीफवर (पाण्याखालच्या खडकावर), लाट अचानक उभी राहते तिथे. सपाट नोज अशा लाटेत पाण्यात घुसतो. त्यावर उपाय बोर्ड बदलणं नाही, टेक-ऑफ, म्हणजे लाट पकडून उभं राहायची पद्धत, बदलणं. थोडं लवकर पॅडल सुरू करा, आणि सरळ किनाऱ्याकडे न उतरता जायच्या दिशेने आधीच तिरपे व्हा. तिरपं उतरलं की नोजला लागणारी जागा मिळते. मिड-लेंग्थला लवकर लाट पकडता येते, हा त्याचा गुण इथेही वापरायचा. रीफवरची लाट डोक्याच्या वर जाऊ लागली तर त्या दिवसापुरता तिथे भाड्याने चांगला शॉर्टबोर्ड किंवा जास्त रॉकरचा बोर्ड मिळतो, तो घ्या. त्या दोन दिवसांसाठी वर्षभराचा बोर्ड निवडू नका.

श्रीलंकेबद्दल एक गोष्ट पुणेकरांनी लक्षात घ्यावी असं मला फार वाटतं. दक्षिण किनाऱ्याचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे आपल्या गोव्याचाच. पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बेचा मोसम मे ते सप्टेंबर. म्हणजे आपल्याकडे पावसाळा, समुद्र खवळलेला, जलक्रीडा बंद, तेव्हा तिकडे उजव्या हाताला लांबच लांब पळणारी पॉइंटची (भूशिराच्या कडेने फुटत जाणारी) लाट सुरू असते. मिड-लेंग्थसाठी याहून योग्य लाट आपल्या आवाक्यात दुसरी नाही. वर्षातून एकच फेरी करणार असाल तर ती डिसेंबरात दक्षिणेला न करता जुलै-ऑगस्टमध्ये पूर्वेला करा. बोर्डही वर्षभर वापरात राहील. तिथे गोल टेल भिंतीला धरून ठेवते, म्हणून मी स्क्वॅश (चौकोनीसर) टेलपेक्षा गोल सुचवतेय.

फिनबद्दल जरा सविस्तर, कारण एकच बोर्ड वेगवेगळ्या लाटांवर चालवायची किल्ली इथेच आहे. सिंगल फिनचा ढोबळ नियम: बोर्ड जितके फूट, फिन तितके इंच. सव्वासात फुटी बोर्डला सात इंची. छोट्या, मंद लाटेत फक्त ही एकच फिन लावा. पाण्याचा विरोध कमी होतो, बोर्ड सरळ आणि शांत पळतो. वळवताना मात्र घाई चालत नाही, मागचा पाय टेलवर नेऊन वजन टाकायचं आणि बोर्डला वळू द्यायचं. लाट उभी आणि जोरदार असेल तर मधली फिन सहा-साडेसहा इंची करा आणि बाजूला दोन छोट्या लावा, साडेतीन-चार इंची. रेल पाण्यात रुतल्यावर टेल घसरत नाही. मधली फिन बॉक्समध्ये पुढेमागेही सरकते: मागे ठेवलीत तर बोर्ड स्थिर आणि थोडा हट्टी, पुढे आणलीत तर मोकळा. अर्ध्या इंचाने फरक जाणवतो. पहिले काही दिवस मधोमध ठेवा, मग एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल.

तीन सारख्या फिनचा थ्रस्टर ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसन यांनी १९८१ मध्ये तिथली बेल्स बीचची स्पर्धा जिंकून गाजवला आणि तेव्हापासून शॉर्टबोर्डवर तोच मुख्य झाला. पण त्याला वेग मिळवायला सर्फरला सतत पंप करावं (पायांनी बोर्ड दाबत-सोडत राहावं) लागतं आणि लाटेत ताकद असावी लागते. आपल्या लाटेवर, तुमच्या सध्याच्या टप्प्यावर, थ्रस्टर लावलेला मिड-लेंग्थ अडकल्यासारखा वाटेल. ट्विन त्याच्या उलट: सपाट चेहऱ्यावर झटकन सुटते, खेळकर आहे. पण मध्ये आधार नसल्याने सरळ उभं राहून वळणं शिकत असलेल्या माणसाचा पाय चुकीच्या जागी पडला की टेल निसटते. ट्विन वाईट नाही, फक्त अजून एक हंगाम थांबा.

बांधणीचं थोडक्यात. पीयू (पॉलियुरेथेन) फोम आणि पॉलिएस्टर रेझिनचा बोर्ड जरा जड, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याच्या खडबडीत पाण्यात कमी उडतो. ईपीएस-इपॉक्सी (थर्माकोलसारखा फोम आणि इपॉक्सी रेझिन) हलका, टणक, आणि प्रवासात जास्त तग धरतो. पुण्याहून गाडीच्या टपावर जाणाऱ्याने इपॉक्सी घ्यावा असं माझं मत आहे. पण एक धोका पक्का ध्यानात ठेवा: ईपीएस फोमला पॉलिएस्टर रेझिन लागलं की फोम विरघळतो. कोकणात फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर हाताने उत्तम असतात, पण त्यांच्याकडे सहसा पॉलिएस्टरच असतं. त्यांच्याकडे बोर्ड देण्याआधी इपॉक्सी आणि कापड आपलं आपण घेऊन जा. आणि फट पडलेला ईपीएस बोर्ड पाण्यात नेऊ नका, तो आतून पाणी पितो. तात्पुरती चिकटपट्टी लावून सुद्धा नाही.

उन्हाचंही तसंच. एप्रिलमध्ये बंद गाडीत बोर्ड ठेवून जेवायला गेलात तर फोमपासून वरचं फायबरग्लासचं कापड सुटून फुगवटा येऊ शकतो, गडद रंगाच्या बोर्डला आधी. चंदेरी पिशवी वापरा, टपावर बांधताना पट्ट्यांखाली कापडी गाद्या घाला, डेक (उभं राहायची बाजू) खाली आणि फिनची बाजू पुढे. फिन काढूनच ठेवल्या तर उत्तम. वॅक्स (पाय घसरू नये म्हणून डेकला लावायचं मेण) नेहमी ट्रॉपिकल घ्या, आपल्या पाण्यात थंड पाण्याचं वॅक्स लोण्यासारखं होतं.

४७ लिटरचा बोर्ड लाटेखाली दाबता येत नाही, हे आधीच समजून चला. टर्टल रोल (बोर्ड धरून उलटं होऊन लाट वरून जाऊ देणं) पक्का करा, लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) बोर्डच्या लांबीएवढी घ्या, आणि गर्दीत बोर्ड सोडून कधीही डुबकी मारू नका. वेलिगामात एका लाटेवर दहा जण असतात. मालवणकडे सकाळी किनाऱ्यावर रापण (मोठं जाळं) ओढत असतील तर दोऱ्यांच्या जवळपासही उतरू नका. मच्छीमारांना विचारा कुठे बसावं, ते भरती-ओहोटीसकट सगळं सांगतात. सौम्य किनाऱ्यावर पूर्ण भरतीला लाट अगदी काठावर येऊन आपटते, पूर्ण ओहोटीला एकाच वेळी सगळी कोसळते. मधले दोन-तीन तास बहुतेक ठिकाणी बरे. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेकडून लांब पीरियडचा मोठा स्वेल शांत हवेतही अचानक येतो. हैदराबादचं इन्कॉइस (समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र) त्याचे इशारे देतं, निघण्यापूर्वी ते बघून घ्या.

आणि पुण्यात असताना आठवड्यातून तीन दिवस तलावात फ्रीस्टाइल पोहा. खांद्यात ताकद आली की दोन लिटर कमी व्हॉल्यूमचा बोर्डही चालेल.

तुमच्या दोन पर्यायांपैकीच एक घ्यायचा असेल, दुसरं काही मिळतच नसेल, तर ७ फूट ६ इंची सिंगल फिन घ्या. फक्त विकत घेण्याआधी बघा की बाजूच्या फिनचे प्लग (फिन बसवायच्या खाचा) आहेत का. नसतील तर दुरुस्ती करणाऱ्या चांगल्या कारागिराकडून ते नंतरही बसवून घेता येतात. आणि तो तुमच्या गाडीवर बसतो का ते आजच टेप घेऊन मोजा.