लक्झरी एसयूव्हीला १९ ऐवजी २१ इंची चाकं घेतली तर राइडमध्ये खरंच फरक पडतो का? टायर कोणते घ्यावेत?

पडतो. शोरूमवाला तुम्हाला "सर, फक्त लुकचा फरक आहे" म्हणाला, असं तुम्ही लिहिलंय. त्याला एकदा मागच्या सीटवर बसवून सांगलीहून पुण्याला न्या आणि उतरल्यावर परत विचारा.

मी गाडीचा मालक नाही, ड्रायव्हर आहे. एकाच घरात २२ वर्षं झाली. मालकांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. गाडी जर्मन, कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. आली तेव्हा १९ इंची चाकं होती, टायर २३५/५५ आर १९. वर्षभर कुणाची काही तक्रार नाही. मग धाकटे मालक एका लग्नाला पुण्याला गेले, तिथं पार्किंगमध्ये तशीच गाडी २१ इंचांवर उभी बघितली, आणि आठ दिवसांत २१ चा सेट आमच्या दारात. टायर २५५/४० आर २१.

हे आकडे तुम्हाला वाचता येत असतील, तरी हिशेब मांडतो, कारण आमच्याकडं तो कुणी वेळेवर मांडला नाही. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के बाजूची भिंत उंच, शेवटचा रिमचा इंच. २३५ चे ५५ टक्के म्हणजे १२९ मिलिमीटर. २५५ चे ४० टक्के म्हणजे १०२. रिम आणि रस्ता यांच्या मधलं रबर दीड बोटानं गेलं. चाकाची बाहेरची उंची जवळजवळ तेवढीच राहते. धाकटे मालक तेच धरून बसले होते, "चाक तेवढंच आहे ना, मग राइड कशी बिघडेल?" अहो, चाक तेवढंच राहिलं म्हणूनच तर बिघडणार. मधली रिम वाढली ती कुणाच्या वाटणीतनं? रबराच्याच.

आता आक्कांचं सांगतो. आक्का म्हणजे मालकांच्या आई, वय ७८, कंबरेचं दुखणं जुनं. महिन्यातून एकदा पुण्याला डॉक्टरकडं न्यायचं काम माझं. त्या मागं डाव्या बाजूला बसतात आणि खिडकीवरचा दांडा धरून ठेवतात. हातात सोन्याच्या दोन पाटल्या, आता सैल झालेल्या. १९ च्या चाकांवर त्या पाटल्या फक्त मोठ्या खड्ड्याला वाजायच्या. २१ घातल्यावर कसबे डिग्रज सोडलं आणि ज्या वाजायला लागल्या, त्या आष्टा आलं तरी थांबल्या नाहीत. राइड कशी आहे ते मला मागं वळून न बघता कळायचं.

ही गोष्ट सांगली-पेठ रस्ता काँक्रीटचा व्हायच्या आधीची. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर लाटांसारखं वर-खाली होतं. त्यावरनं हंगामात उसाच्या ट्रॉल्या. लाटांचं काम सस्पेन्शन बघतं, तिथं १९ काय आणि २१ काय, फार कळत नाही. कळतं ते कडेला. खड्ड्याची कड, डांबराचं ठिगळ, पुलाचा जॉइंट. कड एका क्षणात येते आणि जाते, शॉकअप पुरता दबायच्या आत. तो पहिला दणका टायरची बाजूची भिंत वाकून खाते. तिला वाकायला जागाच कमी ठेवली तर दणका सरळ माणसाच्या मणक्यात. शिवाय २१ चं चाक जड. मी चारही उचललीत, मला विचारा. जड चाक एकदा उडालं की त्याला परत रस्त्याला टेकवताना सस्पेन्शनची दमछाक होते. आणि "आमच्या गाडीला एअर सस्पेन्शन आहे" म्हणून निवांत राहू नका. त्याला लाटा झेपतात. कड त्यालाही तशीच लागते.

दुसऱ्याच फेरीला आक्का म्हणाल्या, "गाडी बदलली काय रं? बैलगाडीत बसल्यागत वाटतंय." मी म्हणालो, चाकं बदललीत. संध्याकाळी धाकट्या मालकांच्या कानावर घातलं. त्यांनी उपाय काढला: हवा कमी कर. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३६ लिहिलंय, मला २८ ठेवायला लावली. मीटरवर पिवळा दिवा लागला, तो रिसेट करायला लावला. मी एकदाच बोललो, "मालक, लई कमी होतीय." "तू गाडी चालव," म्हणाले. चालवली.

डिसेंबर होता, पहाटे साडेपाच, तुंगच्या पुढं. समोरून उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, पुढचा दिवा थेट डोळ्यांत. माझा वेग ५० च्या आतच. गाडी डावीकडं घेतली आणि पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं. खट्ट असा आवाज आला, रबराचा नसतो तसला. पाटल्या वाजल्याच नाहीत, कारण आक्कांचा हात दांड्यावरून सुटला होता.

आष्ट्यात चहाच्या टपरीच्या उजेडात बघितलं, टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. डिकीतलं बारकं चाक लावलं. ते ८० च्या वर पळवायचं नसतं, त्यामुळं पुणं रद्द, गाडी परत सांगलीला. धाकटे मालक गेटवरच उभे. आक्कांना कुठं लागलं का, हे विचारायच्या आधी मला म्हणाले, "एवढा खड्डा दिसला नाही तुला?" टायर ३६ हजारांचा. सांगली-मिरजेत आम्हाला तो साइज मिळाला नाही, चार दिवसांनी पुण्याहून आला. निम्मे पैसे माझ्या पगारातनं कापायचे ठरले, महिन्याला ३ हजार, सहा महिने.

तो फुटका टायर मी भंगारात दिला नाही. शंभर फुटी रस्त्यावर एक ओळखीचा टायरवाला आहे, त्याच्याकडं नेला. त्यानं आत बॅटरी मारली आणि माझं बोट धरून आतल्या बाजूनं फिरवलं. फुग्याच्या जागी नखानं ओढल्यासारखी घडी लागली हाताला. "रिम आणि खड्ड्याची कड, मधे रबर चेचलंय," म्हणाला. "आतले धागे तुटले की हवा तिथनं रबराला बाहेर ढकलती. हवा किती होती?" मी म्हणालो, २८. तो आधी काहीच बोलला नाही, पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "मग ड्रायव्हरनं काय करायचं?" पुढचे महिने मी त्या एका वाक्यावर काढले.

तर हवा कमी करून राइड मऊ करायच्या नादाला लागू नका. पातळ टायरला तर अजिबात नाही. पंक्चरवाले उलटं करतात, सगळ्या गाड्यांना सरसकट ४० भरतात, त्यानंही गाडी टणक होते. स्टिकरवरचा आकडा बघायचा, सकाळी टायर थंड असताना.

टायर कोणते, हे तुम्ही विचारलंच आहे. रनफ्लॅट घेऊ नका. पंक्चर झाल्यावर गाडी उचलून धरायची म्हणून त्यांची भिंत मुद्दाम कडक केलेली असते, आणि मोठ्या रिमवर रनफ्लॅट म्हणजे आगीतनं फुफाट्यात. अर्थात साधे टायर घेतले तर डिकीत स्टेपनी पाहिजे. शेतात गाडी घालणार नसाल तर एटी, म्हणजे कच्च्या रस्त्याचे जाड नक्षीचे टायर पण नको, डांबरावर घोंघावतात. लांबच्या प्रवासाचे, कम्फर्टवाले म्हणून विकतात ते बघा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, कंपनीनं दिलाय त्याच्या खाली जाऊ नका. तारीख वाचून घ्या: बाजूला चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. ब्रँडचं मी सांगत नाही, त्यावर आमच्या यार्डात मारामाऱ्या होतात.

पुढच्या मे महिन्यात धाकटे मालक स्वतः गाडी घेऊन आंबोलीमार्गे गोव्याला गेले. आल्यावर चावी माझ्या हातात देत म्हणाले, "स्टिअरिंग थरथरतंय, बघ जरा." पुढच्या दोन्ही रिमा बेंड. मला एक प्रश्न विचारायचा होता, त्यांचाच, शब्दही तेच. विचारला नाही, घरात पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी गोडाऊनमधून १९ चा सेट काढला. पोत्यांच्या थप्पीमागं पडून होता, पाइप मारला तर पिवळं पाणी निघालं. आक्कांनी पहिल्या फेरीला काही म्हटलं नाही, आष्ट्यापर्यंत झोपून गेल्या.

एवढं लिहिलं, तर दुसरी बाजूही सांगतो. एक्सप्रेसवेवर २१ ची गाडी वळणाला घट्ट बसते, स्टिअरिंग फिरवलं की लगेच ऐकते, हे मी चालवलंय म्हणून सांगतो. दिसते तर देखणीच. तुमचं सगळं फिरणं तसल्या रस्त्यांवर असेल आणि मागं म्हातारं माणूस नसेल, तर घ्या, नाहीतर २० वर थांबा. बाहेरून सेट घालणार असाल तर विमावाल्यांना आधी विचारा. आणि खरं बोलायचं तर तुंगचा तो खड्डा मला दिसला होता. उशिरा दिसला.

कापलेल्या पैशांचं, वहिनींना कळल्यावर शेवटचे दोन हप्ते माफ झाले. २१ च्या चार रिमा अजून गोडाऊनला आहेत, त्यातल्या दोन बेंड. कुणाला पाहिजे असतील तर लिहा, मालकांना विचारून सांगतो.