कॉलेजच्या संगीत सभागृहात कविसंमेलन घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातल्या एका कॉलेजचा, मैफिलींसाठी बांधलेला 400 खुर्च्यांचा हॉल रविवारी मिळतोय, रसिक दीडशेच्या आसपास येतील, तर कविसंमेलन आणि अभिवाचन तिथे ठेवावं का? ठेवा. फक्त हॉल बघून ठरवू नका, ऐकून ठरवा.

गाण्याच्या हॉलमध्ये आवाज मुद्दाम रेंगाळू देतात, दीड ते दोन सेकंद. बोलण्याला एक सेकंदाच्या आसपास बरं पडतं. स्वर मोठा आणि लांब, व्यंजन आखूड आणि हलकं. त्यामुळे आधीच्या ‘आ’ची शेपटी पुढच्या व्यंजनावर पसरते आणि ‘वाट’चं ‘वात’ होतं. गझलेत रदीफ (शेराच्या शेवटी येणारे तेच ते शब्द) पुन्हा पुन्हा येतो म्हणून तो हरवला तरी चालतं. काफिया (रदीफाआधीचं यमक) हरवला की शेर गेला.

हॉल 20 मीटर लांब, 15 रुंद, 8 उंच धरा. म्हणजे 2400 घनमीटर. रिकामा असताना आवाज 1.8 सेकंद घुमत असेल, तर हॉलची आवाज पिण्याची ताकद, म्हणजे शोषणशक्ती, सॅबिनच्या सूत्राने (0.161 हा त्यातला ठरलेला आकडा) 0.161 × 2400 ÷ 1.8, म्हणजे सुमारे 215 चौरस मीटर. साध्या लाकडी खुर्चीवरचा माणूस त्यात 0.4 ते 0.5 चौरस मीटरची भर घालतो. दीडशे जणांची 65 धरली तर घुमणं 1.4 वर येतं. चुण्या घातलेला जाड मखमली पडदा, 60 चौरस मीटर, मागच्या भिंतीवर सोडलात की सव्वा सेकंद. एवढ्यात भागतं. खुर्च्या गादीच्या असतील तर मात्र माणसं बसून फारसा फरक पडत नाही, गादी आधीच आवाज पीत असते.

चाचणी रिकाम्या हॉलमध्येच घ्या. स्टेजवरून एकाने काल–काळ, पाट–पाठ, वात–वाट अशा जोड्यांतले 20 शब्द उलटसुलट वाचायचे, दुसऱ्याने शेवटून दुसऱ्या रांगेत बसून लिहायचे. तीन-चारपेक्षा जास्त चुकले तर पडद्याची सोय आधी, निमंत्रणपत्रिका नंतर.

साउंडवाला हमखास आवाज वाढवायला जातो. त्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, घुमणंही तेवढंच वाढतं आणि वर शिट्टी येते. माईक तोंडापासून 15 सेंटीमीटरवर, किंचित बाजूला (समोर धरला की ‘प’, ‘फ’ फुटतात). 120 हर्ट्झखालचा भाग कापायला सांगा. व्यासपीठावर पाच कवी बसले असतील तर ज्याची पाळी त्याचाच माईक चालू. दोन मोठ्या स्पीकरऐवजी समोर लहान कॉलम स्पीकर (उभे, अरुंद) लावून ते श्रोत्यांकडे झुकवा. मागच्या भिंतीवर आवाज आदळता कामा नये. समोरच्या स्पीकरपासून 15 मीटरवर मागच्यांसाठी स्पीकरची जादा जोडी लावलीत तर तिला 43 मिलिसेकंद उशीर द्यावा लागतो, वर दहाएक आणखी. नाहीतर मागच्यांना प्रत्येक ओळ दोनदा.

दीडशे जण 400 खुर्च्यांत विखुरले की दादही विरते. मागच्या रांगांना दोरी बांधा, नुसती पाटी कोणी वाचत नाही.

एसी तासभर आधी लावून हॉल गार करा, वाचन सुरू झालं की ब्लोअर कमीवर. जून ते सप्टेंबर असेल तर छत पत्र्याचं आहे का ते विचारा, कारण पावसापुढे कोणाचंच चालत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलच्या परीक्षांत दिलेली तारीखही फिरू शकते, म्हणून प्राचार्यांचं पत्र लेखी घ्या. त्यात एसीचे तास, अनामत, पुस्तकविक्रीचं टेबल आणि गेट कधी बंद होणार, हे सगळं हवं.

ठाण्यातली गडकरी रंगायतन किंवा घाणेकर ही नाट्यगृहं शब्दांना जास्त मानवतील, पण सुट्टीच्या दिवशी तिथे नाटकांची गर्दी. साठच्या आत लोक असतील तर त्याच कॉलेजचा मोठा वर्ग मागा.

आणि रविवारचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद) बघून वेळ ठरवा. मध्य रेल्वे आणि ट्रान्सहार्बर, दोन्ही. वाशी-नेरूळहून येणारा कवी पहिल्याच सत्रात ठेवला असेल तर नक्कीच.