पाहुण्यांनी उभारलेला स्तंभ

प्रश्न : नुकताच कोल्हापूरला गेलो असता महावीर उद्यानात पोलंडच्या निर्वासितांचा स्मृतिस्तंभ पाहिला. ही माणसे कोल्हापुरात कशी आली, आणि परक्यांच्या आगमनाची आठवण अशी चारचौघांत जपण्याचे प्रयोजन काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या प्रश्नाचा पहिला भाग इतिहासाचा आहे. सोव्हिएत सत्तेने 1940-41 मध्ये पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना घरादारासह सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केले. त्यांतून सुटलेले काही जण 1942 मध्ये इराणात पोहोचले, आणि तिथून पुढे आलेल्यांपैकी सुमारे 5000 जण, ज्यांत बहुतांश स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते, 1943 पासून 1948 पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. छावणीचा खर्च लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारने उचलला. हे मुद्दाम नमूद करतो, कारण सारे श्रेय एकट्या संस्थानाला देण्याची आपल्याकडे हौस आहे. कोल्हापूरने दिले ते जागा आणि शेजार, आणि तेही थोडके नव्हते.

दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. यजमानाने आपल्या औदार्याचा स्तंभ उभारणे सोपे असते. हा स्तंभ मात्र येथे वाढलेल्या त्या मुलांनी, पन्नाशी-साठी ओलांडल्यावर, परत येऊन उभारला. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. एका गावाची आठवण दोन देशांत दोन्ही बाजूंनी जपली जावी, असे क्वचितच घडते.

तरीही कलाकृती म्हणून माझी एक तक्रार आहे. स्तंभ आभार मानतो, पण पहिल्या दिवशी त्या मुलांना काय दिसले ते सांगत नाही. बर्फातून आलेल्या पोरांसमोर कौलारू छपरांच्या लांबच लांब बराकी, चटयांच्या भिंती आणि पुढे ओसरी असे घर उभे राहिले. त्याच आवारात पुढे शाळा, चर्च, नाट्यगृह आणि बालवीरांची पथके उभी राहिली. ती ओसरी आणि उंबऱ्यावर थबकलेले एखादे पोर शिल्पात वा भित्तिचित्रात उतरले असते, तर मजकूर न वाचताही पाहणाऱ्याला सगळे कळले असते.

आपण सांगलीकर आहात, तेव्हा मिरजेहून रेल्वेने कोल्हापूरला जाताना वळिवडे स्थानक आपल्याला वाटेतच लागते. फाळणीनंतर याच छावणीत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहू लागली, आणि आज कापडाच्या घाऊक बाजारासाठी ओळखले जाणारे गांधीनगर ते हेच. पुढच्या खेपेस उद्यानातला स्तंभ पाहून झाला की तेथील पेठेतूनही एक फेरी मारून यावी.