उजव्या बाजूने मारलेली हाक

ताई, माझा मुलगा चौथीत आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला गालफुगी झाली आणि उजवा कान पूर्ण गेला. डावा चांगला आहे, डॉक्टरांनी तपासलंय. पण वर्गात लक्ष नसतं, अशी बाईंची तक्रार आहे. घरी हाक मारली तर भलतीकडेच बघतो. सासूबाई म्हणतात, "हाऊ पोऱ्या आयकतज नही." लस चुकवली म्हणून बोलही मलाच लावतात. हे म्हणतात, एक कान आहे ना, पुरतो. परवा मी त्याला मारलं. तो मुद्दाम करतो का?
– एक आई, यावल तालुका

ताई, तो मुद्दाम करत नाही. शांत घरात, डाव्या बाजूला बसून बोललं की त्याला सगळं कळतं, आणि तेच त्याच्या मुळावर येतं. सगळ्यांना वाटतं, पोरगं सोयीनं ऐकतं.

आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांच्या तुलनेवरून ठरवतो: कुठे आधी पोचला, कुठे मोठा लागला. त्याच्याकडे तुलनेला दुसरा कानच नाही. म्हणून तुम्ही ओट्यावरून हाक मारता आणि तो परसात जाऊन बघतो. उजवीकडून बोललेलं डोक्याला वळसा घालून डाव्या कानात येतं. जाड आवाज पोचतात, पण स, श, फ यांचे बारीक आवाज डोक्याआड राहतात. बाईंनी 'साठ' म्हटलं तर याला 'आठ' ऐकू येऊ शकतं. त्यात पंख्याची खडखड आणि पोरांचा गलका. अर्धं ऐकून उरलेलं अंदाजानं भरत बसायचं, दिवसभर! दुपारनंतर तो खिडकीबाहेर बघत असेल तर दमलाय म्हणून.

तुमच्या यजमानांचं म्हणणं पूर्वी डॉक्टरही मानायचे. १९८४ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. त्यात एका कानाने ऐकणाऱ्या मुलांपैकी सुमारे ३५ टक्के एकदा तरी नापास झालेली निघाली.

आता शाळेत जा. त्याला पुढच्या एक-दोन बाकांवर, त्याच्या उजव्या हाताला भिंत येईल असं बसवायला सांगा. म्हणजे बाई आणि फळा डाव्या बाजूला येतील. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, हेही बाईंना सांगा, कारण तो ओठ बघूनही ऐकतो. आणि "मला या बाजूने ऐकू येत नाही, इकडून सांगा," हे वाक्य त्यालाच शिकवा. चौथीतल्या मुलाला ते जमतं.

रस्त्याचं मात्र मनावर घ्या. ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू येईल, पण कुठून ते कळणार नाही. दोन्हीकडे बघितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, सायकलवर तर नाहीच.

गालफुगीने गेलेला कान सहसा परत येत नाही. लसणाचं तेल घालू नका. बाजारातलं साधं मशीनही पूर्ण गेलेल्या कानाला कामाचं नाही. उजवीकडचा आवाज डाव्या कानाकडे पाठवणारं 'क्रॉस' मशीन असतं, तसंच शिक्षकांनी गळ्यात माइक लावायचा आणि मुलाने कानात ऐकायचं, असंही साधन असतं. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात विचारा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं की त्यांनाही दाखवा. अपंगत्वाच्या दाखल्याची आशा धरू नका, कायद्याची व्याख्या दोन्ही कानांची आहे.

लसीचं सासूबाईंना स्पष्ट सांगा. सरकारी दवाखान्यात गोवर-रुबेलाची लस देतात, गालफुगीची त्यात नसते. ती खासगी डॉक्टरांकडच्या एमएमआरमध्ये असते. तुम्ही काही चुकवलेलं नाही.

मारल्याबद्दल त्याच्याशी बोला, डाव्या बाजूला बसून. डावा कान दरवर्षी तपासून घ्या. तो दुखला, वाहिला किंवा कमी ऐकू येऊ लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.