ट्यूब प्रीअँप की सॉलिड स्टेट? ऑर्केस्ट्रात बास वाजवणाऱ्यासाठी माझं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बास गिटार पाच तारांचा, घरात दहा इंची दोन स्पीकरचा ८ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) एक कॅब, म्हणजे स्पीकरचं कपाट. महिन्याला मराठी ऑर्केस्ट्राच्या सहा-सात सुपाऱ्या, मधूनच मित्रांच्या रॉक बँडचा एखादा कार्यक्रम. नाशिक-नगर पट्ट्यात टेम्पो ट्रॅव्हलरमधून फिरणं. ५०० वॅटचे दोन हेड, म्हणजे कॅबला जोडायचे सुटे अँप्लिफायर, पाहून ठेवलेत. एक पूर्ण सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारा, दुसऱ्याच्या प्रीअँपमध्ये, म्हणजे सिग्नल आधी घडवणाऱ्या पुढच्या भागात, ट्यूब (काचेचा व्हॉल्व्ह), आणि हा दुसरा वीस-पंचवीस हजारांनी महाग. "ट्यूबचा खर्जच वेगळा असं सगळे सांगतात, तर थोडं थांबून पैसे जोडू का?"

माझं मत आधीच सांगतो. थांबू नका. सॉलिड स्टेट हेड घ्या आणि वाचलेल्या पैशांत तुमच्याकडे आहे तसाच दुसरा कॅब घ्या. हे मत माझं पहिल्यापासून नव्हतं. सात-आठ वर्षं मी ट्यूबवालाच हेड घेऊन फिरलो, म्हणून आता सविस्तर लिहितो.

लोक "ट्यूबचा खर्ज" म्हणतात तेव्हा त्यांच्या कानात बहुतेक वेळा अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा बास अँप्लिफायर असतो. १९६९ साली तो आला. ३०० वॅट, एकूण १४ ट्यूब, त्यातल्या ६ पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या), त्यांच्या मागे भलाथोरला आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि पुढे दहा इंची आठ स्पीकरचं बंद कपाट. नुसता हेडच जवळजवळ ४० किलोचा. जोरात वाजवताना त्या सहा पॉवर ट्यूब दमायला लागतात, आवाज आत दबतो आणि पुन्हा फुलतो, ट्रान्सफॉर्मरही त्यात आपला रंग मिसळतो. तो दाटपणा या सगळ्याचा मिळून आहे. तुम्ही पाहिलेल्या हेडमध्ये यातलं काहीच नाही. त्यात पुढच्या भागात बोटाएवढी एखादी ट्यूब आहे आणि मागे क्लास डी पॉवर, म्हणजे ट्रान्झिस्टर झटपट चालू-बंद करून ताकद देणारा हलका भाग. ही जोडणी वाईट मुळीच नाही. एसडब्ल्यूआर कंपनीने ऐंशीच्या दशकातच ट्यूब प्रीअँपला सॉलिड स्टेट पॉवर जोडून एसएम-४०० काढला होता, आणि आजही लोक तो प्रेमाने वाजवतात. पण त्याचा आवाज एसव्हीटीचा आवाज नाही, आणि तुम्हाला ट्यूबचा खर्ज सांगणाऱ्यांनी हा फरक केलेला दिसत नाही.

मग ती छोटी ट्यूब करते काय? ती बहुधा १२एएक्स७ असते, युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात. आजोबांच्या रेडिओत जे व्हॉल्व्ह असायचे, चालू केल्यावर थोडं गरम होऊन मग बोलायचे, त्यांचीच ही भावंडं. सिग्नल लहान असेपर्यंत ती तो नीट मोठा करते आणि गप्प बसते. सिग्नल वाढला की लाटेची एक बाजू दुसरीपेक्षा आधी दबायला लागते. हा असमान दाब म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा सूर, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर, त्यात मिसळणं.

बासवाल्यासाठी हे महत्त्वाचं आहे. चार तारांच्या बासची सगळ्यात जाड ई तार ४१.२ हर्ट्झला वाजते, तुमची पाचवी बी तार तर जवळजवळ ३१ हर्ट्झला. दहा इंची स्पीकरचा कॅब त्या खोलीपर्यंत दमाने पोचत नाही. पण ८२ हर्ट्झचा वरचा सूर आणि त्याच्याही वरचे सूर तो सहज काढतो, आणि त्यांच्यावरून आपला कान खालचा मूळ सूर स्वतःच पुरा करून घेतो. तारेत तो वरचा सूर मुळातच असतो, ट्यूब त्याला ठळक करते. ढोलकीची घुमी आणि ऑक्टोपॅडची किक एकाच वेळी खाली भरलेली असताना बास "दिसतो" तो या वरच्या सुरांमुळे. ट्यूबची तारीफ करणारे खोटं बोलत नाहीत, ते मी स्वतः ऐकलं आहे.

पण हे सगळं घडतं ट्यूबला रेटल्यावर. ऑर्केस्ट्रात आपण रेटतो का? भावगीत, लावणी, कोळीगीत, मग हिंदी मेडली, सगळीकडे स्वच्छ, गोल आवाज लागतो. गेन, म्हणजे प्रीअँपमध्ये सिग्नल किती वाढवायचा ते बटण, निम्म्याच्या खालीच राहतो. तेवढ्यावर ट्यूब जवळपास अदृश्य असते.

याची खात्री मी करून घेतली आहे. पुण्यात सराव करायची एक खोली होती, तिथे आम्ही पाच जणांनी दोन हेड एकाच कॅबला आलटून पालटून जोडून ऐकले. वाजवणारा एकच, बास एकच, ऐकणारे भिंतीकडे तोंड करून. आधी मोबाइलवरच्या मीटरने दोन्हींचा आवाज सारखा केला. हे कराच, कारण जो किंचित मोठा वाजतो तो कानाला हमखास "उबदार" वाटतो आणि दुकानात नेमकी हीच फसगत होते. स्वच्छ आवाजात पाचपैकी तिघांनी उलट ओळखलं. त्यात मीही होतो, आणि ट्यूबवाला हेड माझाच होता. मग गेन पाऊणपर्यंत नेला, तेव्हा मात्र पहिल्या चार मात्रांतच पाचही जणांनी ट्यूब ओळखली. फरक नक्की आहे, फक्त तो तुमच्या महिन्यातल्या एका कार्यक्रमापुरता आहे.

"सॉलिड स्टेट म्हणजे कोरडा, थंड आवाज" हेही मनातून काढून टाका. अमेरिकन जॅझ बासवादक जॅको पास्टोरियसचा बास ऐकलात? माणूस गातोय असं वाटावं इतका तो आवाज जिवंत आहे. तो अकूस्टिक ३६० वर वाजवायचा, आणि ते यंत्र पूर्ण ट्रान्झिस्टरचं होतं. गॅलियन-क्रूगरचा ८००आरबी हाही ऐंशीच्या दशकातला सॉलिड स्टेट हेड, त्याची दात असलेली गुरगुर लोक अजून शोधतात. आजच्या अॅग्युलार टोन हॅमर ५०० मध्ये एकही ट्यूब नाही, तरी ड्राइव्हचं (आवाज मुद्दाम रेटणारं) बटण फिरवलं की कडा मऊ होत जातात. आवाज ठरतो तो परिपथ कसा आखलाय त्यावर. उलट नावावरही जाऊ नका. डार्कग्लासच्या मायक्रोट्यूब्ज हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत. काही हेडमध्ये ट्यूब असते, पण ती अगदी कमी व्होल्टेजवर चालवलेली असते. १२एएक्स७ नीट फुलायला प्लेटला दीडशे-दोनशेच्या वर व्होल्ट लागतात. बारा-पंधरा व्होल्टवर ती लवकर चिरकते, तो रंग वेगळा. काचेमागे नारिंगी उजेड दिसतो म्हणून भुलू नका, कधीकधी तो खालच्या एलईडीचा असतो. विकणाऱ्याला सरळ विचारा: ट्यूब किती आहेत, किती व्होल्टवर चालतात, आणि त्या सिग्नलच्या वाटेत कुठे बसल्यात?

आता फिरतीचं सांगतो. खरं तर यामुळेच मी माझा हेड बदलला.

एका गावच्या जत्रेत कार्यक्रम होता. तिसऱ्या गाण्यापासून ई तारेवर पाचव्या घरातला ए वाजला की मागून ताटलीच्या काठावर चमचा फिरवल्यासारखी किणकिण यायची. बाकी सूर स्वच्छ. आधी वाटलं तार गेली. मग केबल बदलली, मग बासच बदलला. किणकिण तशीच. मध्यंतरात हेडच्या मागच्या जाळीतून पेन्सिलीच्या रबराने ट्यूबला हलकेच टिचकी मारली. पहिलीला नुसता ठप्प आवाज. दुसरीला मारली आणि स्पीकरमधून घंटेसारखं "टण्ण" आलं. ट्यूबचे आतले पत्रे सैल झाले की ती मायक्रोफोनसारखी वागते. हेड कॅबच्याच डोक्यावर ठेवलेला, कॅब हादरला की ट्यूब हादरते, ट्यूब हादरली की पुन्हा कॅबमधून वाजते. सुटी ट्यूब जवळ नव्हती. शेवटी हेड खाली उतरवून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवला, खाली त्याच संध्याकाळी सत्कारात मिळालेली शाल चार घड्या करून घातली. किणकिण निम्म्यावर आली आणि कार्यक्रम पार पडला. त्या रात्री परत येताना माझा जीव फार खट्टू झाला होता, कारण निवेदकाने सगळ्यांसमोर "बासमधून काहीतरी येतंय" म्हणून दोनदा मागे पाहिलं होतं.

ही टिचकी जाळीतून ट्यूबपर्यंत पोचता येत असेल तरच मारा. वीज चालू असताना झाकण उघडू नका. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात, आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ साठून राहतात. प्रीअँपची ट्यूब बदलणं मात्र अवघड नाही. तिला पॉवर ट्यूबसारखं बायस करून (आतला प्रवाह जुळवून) घ्यावं लागत नाही. बंद करून, थंड होऊ देऊन जुनी सरळ वर ओढायची, नऊ पाय जुळवून नवी बसवायची. रोजच्या वापरातही ती वर्षानुवर्षं टिकते. तिला मारतात ते आपले रस्ते.

जनरेटरचाही विचार करा. व्होल्टेज उतरलं की साध्या ट्रान्सफॉर्मरच्या यंत्रात ट्यूबच्या हीटरलाही कमी मिळतं. हलक्या क्लास डी हेडमधला स्विचिंग पुरवठा असे चढउतार बऱ्याचदा सांभाळून घेतो. पण मागचा कागद वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर निश्चिंत. परदेशातून नातेवाइकाने आणलेला हेड फक्त १२० व्होल्टचा निघाला, तर तो आपल्या २३० ला सरळ लावू नका.

शिवाय मोठ्या मैदानात प्रेक्षक तुमचा कॅब ऐकतच नाहीत. साउंडवाला हेडच्या डीआयमधून, म्हणजे मिक्सरकडे सिग्नल पाठवणाऱ्या जोडणीतून, लाइन घेतो, ती प्रीअँपच्या आधीची असेल तर तुमची महागडी ट्यूब फक्त तुमच्या पाठीशी वाजणार. बहुतेक साउंडवाले आधीचीच मागतात, आणि त्यांचं चुकत नाही.

दुसऱ्या कॅबचं गणित असं. ५०० वॅट हा आकडा सहसा ४ ओहमचा असतो. तुमच्या एकट्या ८ ओहमच्या कॅबला त्यातले साधारण ३०० मिळतील, मग हेड कोणताही असो. तसाच दुसरा कॅब समांतर जोडला की ४ ओहम होतात आणि हेड पूर्ण ताकद देतो, त्याने साधारण २ डेसिबल वाढतात. स्पीकर दुप्पट झाल्याचे आणखी ३ वेगळे. पाच डेसिबलची वाढ बी तारेवर पहिल्याच सुराला पोटात जाणवते. मात्र हेड ४ ओहमच्या खाली चालत नसेल तर तिसरा कॅब लावू नका.

तुमचं पारडं उलटं असतं, म्हणजे महिन्यातले पाच कार्यक्रम रॉक बँडचे, गेन कायम चढा, पिकने वाजवणं, तर मी तुम्हाला ट्यूबवालाच घ्या म्हटलं असतं. मार्कबासच्या लिटल मार्क ट्यूबसारखे हेडही आहेत, त्यात ट्यूब आणि सॉलिड स्टेट यांचं प्रमाण एका बटणाने कमीजास्त करता येतं. पुढे रॉक बँड वाढला तर तिकडे बघा. तोवर त्या एका कार्यक्रमासाठी चांगला ड्राइव्ह पेडल पुरेल.

दुकानात जाताना स्वतःचा बास न्या, जमलं तर कॅबही. इक्वलायझरची सगळी बटणं मध्यावर ठेवा, आवाज मीटरने सारखा करा आणि बी तारेवर एकच सूर लांब धरा. तो विरताना शेवटपर्यंत सूर राहतो की नुसती हवा हलते, ते ऐका. मग "ऐरणीच्या देवा तुला"सारखं एखादं संथ गाणं सोबत लावून त्यावर वाजवा. घेतल्यावर कोणता घेतलात ते इथे लिहा, दुसरा कॅब जोडताना कुठली केबल घ्यायची ते तेव्हा सांगतो. गिटारची केबल मात्र हेड आणि कॅबच्या मध्ये लावू नका.