जुलाबानंतर क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, जो किडनी गाळते) २.४ आलं, वडिलांची किडनी गेली का?
लातूरकडच्या रानात उन्हात राबणं, दोन दिवस जुलाब, वर अंगदुखीला डायक्लोफेनॅक: किडनीचा रक्तपुरवठा कमी पडायला एवढं पुरतं. पण एका आकड्यावरून ‘गेली’ म्हणू नका. जुना रिपोर्ट शोधाच. क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ नं वाढलं किंवा सात दिवसांत आधीच्या दीडपट झालं, तर ती किडनीला अचानक झालेली इजा. लघवी मापात धरा. ६० किलोच्या माणसाला सहा तासांत १८० मिलीपेक्षा कमी झाली तर धोका. नुसतं पाणी कमी पडलं असेल तर सलाइननंतर आकडा दोन-तीन दिवसांत उतरतो. लघवीच्या तपासणीत मातकट तपकिरी कास्ट (किडनीच्या बारीक नळ्यांत तयार झालेले साचे) दिसले तर त्या नळ्यांनाच मार बसलाय, वेळ लागेल. सोनोग्राफी टाळू नका: प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी तुंबलेली असेल तर लघवीची नळी घातल्यावर सुटते. दोन्ही किडन्या आक्रसलेल्या दिसल्या तर दुखणं बहुधा जुनं. डायक्लोफेनॅकची गोळी आत्ताच बंद करा, पोटॅशियम आजच तपासा. दम लागला, लघवी थांबली तर रात्रही थांबू नका.